खाजनाचा आराखडा: मानशीपासून दिल्लीच्या तक्त्यापर्यंत

खाजन म्हणजे गोव्यातली, नदी-खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. तिचा बांध फुटून काही वर्षे तसाच राहिला, की शेतात तिवर, म्हणजे खारफुटी, उगवते. उपग्रहाच्या चित्रात ती जागा पूर्वीपेक्षा हिरवी दिसते आणि जमीन-ऱ्हासाच्या राष्ट्रीय तक्त्यात तिची नोंद ‘सुधारणा’ म्हणून होऊ शकते. जमिनीवर मात्र भात गेलेले असते, पोंय (आतले पाणी साठणारा खोलगट भाग) गाळाने भरलेली असते आणि काठच्या विहिरी मचूळ होऊ लागलेल्या असतात. म्हणून रोपे किती लावायची हे ठरवण्याआधी, इथे नेमके काय पूर्ववत करायचे आहे ते आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहावे. खाजनात त्याचे उत्तर पाण्याची ये-जा हे आहे. झाडांचा विचार त्यानंतर.

देशाच्या आणि जगाच्या उद्दिष्टांची चौकट थोडक्यात. भारताने २०१९ साली २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर निकृष्ट जमीन पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या नकाशांनुसार २०१८-१९ मध्ये देशाची २९.७७ टक्के जमीन निकृष्ट होती. त्याआधीच्या, २०११-१३ च्या फेरीत निम्म्याहून अधिक क्षेत्र निकृष्ट ठरलेल्या राज्यांत गोवाही होता. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता करारात निकृष्ट परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्र २०३० पर्यंत पुनरुज्जीवनाखाली आणण्याचे लक्ष्य आहे. गावाचा आराखडा या उद्दिष्टांत मोजला जायचा असेल, तर त्यात सर्व्हे क्रमांकासह हद्द, सुरुवातीची मोजमापे आणि दरवर्षीची तीच मोजमापे असायला हवीत.

आधी तीन रंग

गावच्या सर्व्हे नकाशावर खाजन तीन रंगांत रंगवा. पहिला रंग: बांध आणि मानस (बांधातला झडपेचा दरवाजा) शाबूत, पण शेती पडीक. दुसरा: बांध गळका, खारे पाणी आत येते, खारफुटी अजून नाही. तिसरा: बांध फुटलेला आणि आत खारफुटीचे रान.

खर्च आणि श्रम दुसऱ्या रंगावर आधी लावा. तिथे उशीर केला की तो तिसऱ्यात जातो आणि मग कायदाच आडवा येतो. किनारी नियमन अधिसूचनेखाली खारफुटी संरक्षित आहे. तिचे क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर भोवती ५० मीटरचा राखीव पट्टाही येतो. तिसऱ्या रंगाच्या जागी ‘खारफुटी काढून शेती’ असे लिहिलेला प्रस्ताव अडकणार हे धरून चाला. त्यापेक्षा तो तुकडा पाणथळ म्हणून मान्य करावा आणि आतला बांध भक्कम करून मागचे शेत आणि खेर (खाजनाच्या वरची रेताड) जमीन वाचवावी. हा सल्ला गावात कोणालाच आवडत नाही, पण दहा वर्षे फायली फिरवण्यापेक्षा बरा. पहिल्या रंगाची अडचण मजुरी आणि भाताचा भाव ही आहे. ती बांधकामाने सुटत नाही, म्हणून तिथे नवा बांध मागू नका.

उंची कशावरून धरायची

सर्वात महागडी चूक इथे होते. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची सागरी नकाशाच्या शून्यापासून असते, तर सर्व्हेअरची पातळी बहुधा सरासरी समुद्रसपाटीपासून. दोन्ही आकडे एकाच कागदावर आले की बांध मीटरभर चुकू शकतो. साधा उपाय असा: मानशीच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवा, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सर्वात वरची पाण्याची रेघ टिपा आणि पावसाळ्यातल्या एखाद्या उधाणालाही टिपा, कारण तेव्हा नदीचा पूर वर चढतो. सर्वात वरच्या रेघेपेक्षा निदान अर्धा मीटर उंच बांधाचा माथा ठेवा. बांधाची आणि शेताची पातळी त्याच पट्टीवरून मोजा.

मानस

मानशीची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. झडप बिघडण्याची कारणे ठरलेली: उंबऱ्याशी अडकलेले ओंडके आणि प्लास्टिक, झिजलेला उंबरा, वाकलेली फळी. आणखी एक बिघाड माणसाने केलेला असतो. मासे आत यावेत म्हणून भरतीला झडप मुद्दाम उघडी ठेवली जाते. मासेमारीची पावणी (लिलाव) होते तिथे करारातच लिहून घ्या, की भाताच्या हंगामात, म्हणजे जूनपासून कापणीपर्यंत, खारे पाणी आत घ्यायचे नाही आणि झडपेचा ताबा कूळसंघाकडे (शेत कसणाऱ्या कुळांच्या संघाकडे) राहील. तोंडी समजुतीवर हे टिकत नाही.

जुनी मानस काढून काँक्रीटची बांधताना तोंड अरुंद केले, तर पावसाचे पाणी वेळेत निघत नाही. हिशेब असा करा. २० हेक्टर खाजनावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०,००० घनमीटर पाणी. वरच्या डोंगरउतारावरून, समजा ६० हेक्टरांतून, ६० टक्के पाणी खाली आले तर आणखी ३६,०००. ओहोटी दिवसात दोनदा येते. झडप प्रत्येक वेळी साधारण पाच तास उघडी राहते असे धरले, तर ३६,००० सेकंदांत ५६,००० घनमीटर बाहेर जायला हवे, म्हणजे सेकंदाला सुमारे १.५६ घनमीटर. वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर तोंड निदान १.६ चौरस मीटरचे हवे. वर कॉलनी झाली असेल, तर ६० टक्के हा आकडा वाढवा. पोंय गाळाने भरली असेल तर आधी ती उपसा. झडप मिटलेली असताना पाणी थांबायला तीच जागा असते.

बांध

माथा १.५ मीटर, उंची २ मीटर, आतला उतार एकास एक, नदीकडचा एकास दीड, असे धरले तर पायथा ६.५ मीटर आणि छेदाचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर येते. १०० मीटर लांबीला ८०० घनमीटर माती झाली. ओला चिखल बसतो, म्हणून २० टक्के वाढवून ९६० मागा. नदीकडच्या अंगाला चिऱ्यांची भिंत आणि पोटात घट्ट चिखल, ही जुनी रीत अजूनही चालते. पोटात तांबडी रेताड माती भरली की पाणी झिरपते आणि कुर्ल्यांनी केलेली बिळे लवकर फुटतात. चिखल बांधाच्या पायथ्याशीच खणू नका. तिथे चर पडला की बांध त्यात घसरतो.

भगदाड बुजवायचे ते भांगाला (भरती कमी चढते तेव्हा), अष्टमीच्या आसपास, ओहोटी लागताच. दोन्ही बाजूंनी पुढे येत गेल्यावर मधल्या अरुंद तोंडातून पाणी जोरात धावते आणि तळ खरवडते; म्हणून आधी तळाशी बांबूचे खुंट ठोकून चिऱ्यांचा थर द्या. उधाणाच्या आधी चार-पाच दिवस हाताशी राहतील असे दिवस निवडा. मेअखेर हे काम काढू नका.

मीठ धुणे

दुरुस्तीनंतरचा पहिला पाऊस शेतात साठवून ओहोटीला सोडायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. मीठ उतरले की नाही ते मोजून ठरवा. मेअखेर, जुलैअखेर आणि कापणीनंतर, ठरलेल्या तीन जागांहून वरच्या १५ सेंटिमीटरची माती घ्या. भाताचे उत्पन्न मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या वर गेली की घटू लागते. घरच्या मीटरने एक भाग माती आणि दोन भाग पाणी असे मोजाल, तर आकडा बराच कमी येतो. तो या ३ शी ताडून पाहिला की खारी जमीन गोडी वाटते. आराखड्यात पद्धत लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. सामूही (pH) मोजा: खारफुटीखालचा काळा चिखल उघडा पडून वाळला, की त्यातल्या गंधकामुळे आम्ल तयार होते आणि रोपे पिवळी पडतात. असा चिखल वाळू देऊ नये. बियाणे कोरगूट या खारेपणा सोसणाऱ्या भाताचे, किंवा खाऱ्या जमिनीसाठी जुन्या गोव्यातल्या एला येथील आयसीएआर संस्थेने सुचवलेले.

खारफुटी बांधाबाहेर

मिष्टी योजनेतून (२०२३ पासून, पाच वर्षांत देशभर ५४० चौरस किलोमीटर खारफुटी) लागवड मागायची असेल, तर जागा बांधाच्या नदीकडच्या अंगाला दाखवा, आत कधीच नको. तिथेही आपोआप उगवलेली रोपे ज्या पातळीला दिसतात तीच पातळी धरा. त्याखालच्या उघड्या चिखलात कांदळाच्या शेंगा रोवल्या तर बहुतेक वाहून किंवा सडून जातात, आणि वर्षाअखेर फोटोत फक्त काठ्या उरतात. मानशीच्या तोंडासमोरचा प्रवाह मोकळा ठेवा.

कागद

किनारी व्यवस्थापन नकाशात तुमचा बांध, मानस आणि पोंय दाखवली आहे का ते आधी पाहा. नसेल तर लेखी हरकत द्या. बांधाच्या दुरुस्तीसाठी कूळसंघामार्फत कृषी खात्याकडे, खारफुटीसाठी वनखात्याकडे, आणि पक्षी, मासे, भाताच्या जातींची नोंद पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत. कोमुनिदादची (गावच्या सामूहिक मालकीच्या जुन्या संस्थेची) जमीन असेल तर तिची संमती जोडा. ती नसली की अर्ज परत येतो.

तक्ता भरताना

जमीन-ऱ्हासाच्या राष्ट्रीय अहवालात तीन गोष्टी पाहतात: जमिनीवरचे आच्छादन, तिची उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्ब. पहिल्या दोन उपग्रहावरून येतात, म्हणून तिसऱ्या रंगाचे तुकडे सुधारलेले दिसतील आणि पुन्हा भाताखाली आलेले, मे महिन्यात उघडे पडणारे तुकडे बिघडलेले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवाल-पद्धतीत अशा चुकीच्या नोंदी दाखवून देण्याची सोय आहे. त्यासाठी प्रत्येक तुकड्याचा सर्व्हे क्रमांक, ठरलेल्या खांबावरून वर्षातून दोनदा काढलेला फोटो, विद्युतवाहकतेचे तीन आकडे आणि मानशीची नोंदवही जोडा. झडप कोणत्या तारखेला कोणी उघडली, हेही त्या वहीत लिहिलेले असू द्या.