पब्लिक हेल्थच्या डिग्रीचा अभ्यास कसा करायचा, मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी

बारावी सायन्स झाली, नीटमध्ये नंबर लागला नाही, कुणीतरी सांगितलं पब्लिक हेल्थची डिग्री कर म्हणून, ॲडमिशन घेतली आणि आता पहिल्याच सेमिस्टरला एपिडेमिऑलॉजी (आजार कुणात, कुठं, का पसरतात त्याचा अभ्यास), बायोस्टॅट (आरोग्याच्या आकड्यांचं गणित), हेल्थ पॉलिसी असले पेपर बघून पोटात गोळा आलाय. बीड, परभणी, हिंगोली, सगळीकडची पोरं मला हेच विचारतात. मी पण मराठी मीडियममधून येऊनच ही डिग्री केलीय, म्हणून जे मला उशिरा कळलं ते इथं सांगतोय.

पहिलं घरच्यांना नीट सांगून टाका की ही डॉक्टरकीची डिग्री नाहीये. नावापुढं डॉक्टर लागत नाही, दवाखाना टाकता येत नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. डॉक्टर एका पेशंटला बघतो, आपण अख्खं गाव बघायचं, गावात ढाळ का लागले, कुणाला लागले, पुढच्या पावसाळ्यात लागू नयेत म्हणून काय करायचं. अजून ॲडमिशन घेतली नसेल तर युनिव्हर्सिटी यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः बघा आणि कॉलेजला एकच विचारा, फील्डवर किती दिवस नेता. त्याचं नीट उत्तर मिळालं नाही तर तिथं पैसे भरू नका. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवर वेळेत भरा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवा, नंतर सेतूत लई गर्दी असते.

आता अभ्यास. या विषयाचा जीव एका गोष्टीत आहे, छेद. शाळेतला अंश आणि छेद आठवतोय ना, तोच. कुणी म्हणालं गावात चौदा जणांना ताप आला तर आपण लगेच विचारायचं, कितीजणांपैकी?

आपल्याकडं हे सोपं नाही. समजा गाव २००० लोकवस्तीचं आहे आणि दिवाळीनंतर ६०० माणसं टोळीबरोबर ऊसतोडीला गेलीत, कुणी सांगली-कोल्हापूरकडं तर कुणी कर्नाटकात. डिसेंबरमध्ये गावात १४ जणांना ताप आला. रजिस्टरवरचे २००० धरले तर हजारी ७ येतात, पण गावात तेव्हा माणसंच १४०० होती, म्हणजे खरं हजारी १०. आणि वर्षभराचं काढायचं असेल तर? ६०० माणसं अर्धंच वर्ष गावात होती, म्हणजे त्यांचे ३०० वर्षं धरा, राहिलेल्यांचे १४००, एकूण १७०० व्यक्ती-वर्षं. पुस्तकात ज्याला पर्सन-टाइम म्हणतात आणि जे माझ्या वर्गात निम्म्या पोरांना शेवटपर्यंत कळलं नाही, ते एवढंच आहे. आणि फडावर कोपीत राहणाऱ्या त्या ६०० जणांना तिकडं ताप आला तर तो कुणाच्या रजिस्टरला लागतो, त्यांच्या लेकरांचा गोवराचा डोस कुठं होतो, हा प्रश्न डोक्यात आला की समजा तुम्ही पब्लिक हेल्थ शिकायला लागलात.

जॉन स्नोची गोष्ट पहिल्याच महिन्यात येईल, १८५४ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा हापसा. सगळे हापशाचा दांडा काढला एवढंच लक्षात ठेवतात. पण त्याचं मोठं काम दुसरंच होतं, त्यानं दोन पाणी कंपन्यांच्या घरांमधले मृत्यू मोजले, एकीकडं दर १०,००० घरांमागं ३१५ आणि दुसरीकडं ३७. परत छेदच! जिथं मृत्यू जास्त होते ती कंपनी थेम्स नदीचं शहराच्या गटारानं घाण झालेलं पाणी देत होती, दुसरी वरच्या बाजूचं चांगलं पाणी उचलायची. हे वाचून झालं की आपल्या गावाचा नकाशा कागदावर काढा, हापसे, टाकी, गटारी, पाइप कुठं फुटलाय ते सगळं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर एक सकाळ फिरा, नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो का ते डोळ्यानं बघा. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर टाकली असं वहीत लिहिलेलं असतं आणि शेवटच्या गल्लीतल्या नळाला रंगच येत नाही, असं मी स्वतः पाहिलंय. ती गल्ली कुणाची होती हे पण लिहून ठेवा, कारण सोशल डिटर्मिनंट्स (जात, गरिबी, राहायची जागा यांचा तब्येतीवर होणारा परिणाम) नावाचा जो चॅप्टर आहे तो त्या गल्लीत सुरू होतो.

बायोस्टॅटची भीती घालवायची तर सुरुवातीला कॉम्प्युटर बाजूला ठेवा, वही-पेननं करा. टू बाय टू टेबल घ्या, म्हणजे दोन ओळी (खाल्लं, नाही खाल्लं) आणि दोन रकाने (आजारी, बरे). एकादशीला भगर खाऊन विषबाधा झाली असं आपल्याकडं दरवर्षी ऐकू येतं, तेच मनानं आकडे घेऊन मांडा. समजा भगर खाल्लेले २००, त्यातले १२० आजारी, म्हणजे ६० टक्के. न खाल्लेले १००, त्यातले ६ आजारी, म्हणजे ६ टक्के. साठ भागिले सहा, रिलेटिव्ह रिस्क १०, म्हणजे खाल्लेल्यांना आजाराचा धोका दहापट. मग फक्त साबुदाणा खाल्लेल्यांचं तसंच टेबल करा. अशी वीस-पंचवीस टेबलं हातानं केली की फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही. त्यानंतर एक्सेल, मग एपी इन्फो हे साथीच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे.

इन्सिडन्स म्हणजे नवीन किती झाले, प्रिव्हलन्स म्हणजे आत्ता एकूण किती आहेत. प्रत्येक व्याख्या अशी आपल्या शब्दात आईला सांगून बघा, तिला कळली तर तुम्हाला कळली. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो हे खरंय, त्यामुळं रोज एक पान इंग्रजीत लिहायची सवय ठेवाच, पण समजून मराठीतच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

सर्व्हेचं मात्र मला मनापासून सांगायचंय. सेकंड इयरला मी प्रश्नावली घेऊन तांड्यावर गेलो होतो, त्यात लिहिलं होतं, "गेल्या दोन आठवड्यांत आपल्या बालकास अतिसार झाला होता का?" बारा घरं झाली, सगळीकडं नाही. तेराव्या घरात लेकरू दारातच बसलं होतं, पाय भरलेले, आणि त्याची आई मला नाही म्हणत होती. मी म्हणलं, मावशी, ढाळ लागलेत का ह्याला? तर म्हणे हो की, चार दिवस झाले. मी मागच्या बारा घरांत परत गेलो आणि पाच घरांत हो आलं. तेव्हापासून प्रश्न आधी गावातल्याच दोन-तीन बायांना वाचून दाखवतो, ढाळ, थंडीताप, अंगावरून जाणं, जो शब्द त्या वापरतात तोच लिहितो. गर्भाशय काढलं का असं विचारायचं नसतं, पिशवीचं ऑपरेशन झालंय का असं असतं, आणि ते पण बाईनंच विचारावं, सासू-नवरा जवळ नसताना, आणि नको म्हणाली तर तिथंच थांबावं. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला राज्यभर गाजलं ते तुम्हाला माहितीच आहे, त्या बाया आपल्याच गावच्या आहेत, त्यांच्याकडं डेटा म्हणून बघू नका.

पॉलिसीचा पेपर कोरडा वाटतो, तो जामखेड बघितल्यावर ओला होतो. बीडच्या हद्दीला लागूनच आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० ला तिथं काम सुरू केलं, गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. सगळ्यांना प्राथमिक आरोग्यसेवा मिळावी असं सांगणारा १९७८ चा अल्मा आटाचा जाहीरनामा पाठ करण्याआधी हे समजून घ्या. जिल्ह्याचे आकडे हवेत तर एनएफएचएस-५ च्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेच्या पाचव्या फेरीच्या) जिल्हावार फॅक्टशीट फुकट मिळतात, आपल्या जिल्ह्याची प्रिंट काढून भिंतीला लावा. आणि जनगणनेतला एक आकडा, बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं मुली २००१ ला ८९४ होत्या, २०११ ला ८०७ झाल्या. दहा वर्षांत हे कसं झालं यावर चार पानं स्वतः लिहा, कुणी सांगितलं नसलं तरी.

थर्ड इयरच्या प्रोजेक्टसाठी लांब कुठं जाऊ नका. साधारण हजार वस्तीमागं एक आशा ताई असते, तिच्या वहीत सगळी घरं असतात. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की टोळ्या निघायच्या आधी तिच्याबरोबर दोन दिवस फिरा, कोण जाणार, किती लेकरं बरोबर नेणार, कुणाचा कोणता डोस राहिलाय, कोण गरोदर आहे याची यादी करा. गाईडची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची परवानगी आधीच घेऊन ठेवा. ताईचा वेळ फुकट घेऊ नका, तिचं लिखाणाचं काम हातावेगळं करू लागा. आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत आल्या की तीच यादी घेऊन त्याच घरांत परत जा.