परदेशी पाहुण्यांचा भाषणदौरा मुंबईत : माझा अनुभव

मानवी हक्कांचं काम करणारे पाहुणे बाहेरून आले की आमच्याकडे सगळी भाषणं रविवारी दक्षिण मुंबईत, फोर्टातच व्हायची, आणि ज्यांचा हा विषय ती गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतली माणसं यायचीच नाहीत कारण हार्बर लोकलला बहुतेक रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. मग फोर्टात एकच सभा ठेवली, बाकी बैठका शनिवारी संध्याकाळी वस्तीतच, दुभाष्या शेजारी बसवून, भाषण कमी आणि प्रश्न जास्त. बायका घरं तुटल्याचं स्वतः सांगायला लागल्या, पाहुण्या बाई वहीत लिहून घेत होत्या, हेच तर हवं होतं! आणि हो, पाहुणे घरी उतरवणार असाल तर त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा फॉर्म (आधी याला फॉर्म सी म्हणायचे) २४ तासांत ऑनलाइन भराच, व्हिसा भाषणाला चालतो का तेही तिकिटाआधी बघा, टुरिस्ट व्हिसावर रिस्क नको.