खान्देशात अ‍ॅव्होकाडोची बी रुजवताना

तूर-हरभऱ्याचे बियाणे कडक उन्हात वाळवून पुढच्या हंगामापर्यंत राखता येते. अ‍ॅव्होकाडोची बी मात्र वाळली की मरते. म्हणून फळ कापल्यावर बी लगेच बाहेर काढावी, गर धुऊन टाकावा आणि शक्यतो त्याच दिवशी लावावी. वरचे तपकिरी, कागदासारखे आवरण अलगद सोलल्यास उगवण लवकर होते.

मेक्सिको आणि मध्य अमेरिका ही या झाडाची मूळ भूमी असून ते दालचिनी व तमालपत्र यांच्या लॉरेसी कुळातले आहे. एखादी बी मुद्दाम उभी चिरून पाहावी. आत दोन जाड, दुधी रंगाची दले असतात, त्यांच्यामध्ये इवलासा अंकुर असतो आणि कापलेला भाग हवा लागताच हळूहळू नारिंगी होत जातो. ही दले म्हणजे रोपाची शिदोरी होय. ती उगवणीनंतरही मातीतच राहून रोपाला पोसतात, त्यामुळे रोप वर आले म्हणून बी खुडून टाकू नये.

लावताना रुंद, चपटी बाजू खाली आणि निमुळते टोक वर ठेवून टोक मातीच्या पातळीला किंचित उघडे राहील, इतकीच बी पुरावी. आधी दल फाकते, खालून मूळ सुटते आणि मगच कोंब वर येतो; याला साधारण एक ते दोन महिने लागतात. काडेपेटीच्या काड्या टोचून पाण्यावर बी ठेवणे मुलांना मुळे दाखवायला ठीक, पण रोप जगवायचे असेल तर सुरुवातीपासून मातीच बरी.

माती मात्र आपली काळी कसदार वापरू नये. अ‍ॅव्होकाडोची मुळे उथळ असतात, त्यांना मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे केसांसारखे बारीक तंतू, जवळजवळ नसतात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत फायटोप्थोरा या रोगकारकामुळे ती कुजतात. पोयटा, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण उंच पिशवीत भरावे व तळाला भरपूर छिद्रे पाडावीत. बोअरचे पाणी खारे असल्यास पानांची टोके करपतात; अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी द्यावे.

खरी कसोटी उन्हाळ्याची आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून पावसाळ्यात बी लावून चैत्रापूर्वी रोप सशक्त करावे, पुढे शेडनेटखाली ठेवावे आणि बुंध्याशी केळीच्या वाळल्या पानांचे आच्छादन द्यावे. सपाटीच्या मानाने तोरणमाळसारख्या उंचीवरची हवा त्याला अधिक मानवेल, असे मला वाटते.

बियांपासूनचे झाड मूळ फळासारखेच फळ देईल याची खात्री नसते, शिवाय फळ धरायला ५ ते १५ वर्षे लागू शकतात. त्यामुळे हे रोप खुंट म्हणून वाढवून त्यावर खात्रीच्या जातीचे कलम बांधणे शहाणपणाचे. जात निवडताना फुलांची वेळ पाहावी : ‘अ’ गटाचे फूल सकाळी मादी म्हणून उमलते, मिटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन पुन्हा उमलते, ‘ब’ गटाचे दुपारी मादी, तर दुसऱ्या सकाळी नर असते. ‘हास’ पहिल्या गटातली, ‘फुएर्ते’ दुसऱ्या. दोन्ही जवळ असल्यास फळधारणा सुधारते.

शेळ्या असतील तर रोपाला पक्के कुंपण करावे. पाने, साल आणि बी यांतील पर्सिन हे द्रव्य जनावरांना बाधते, म्हणून छाटलेल्या फांद्याही गोठ्याकडे टाकू नयेत.