क्योटोला तीन दिवस जायचंय, तर घरूनच काय काय ठरवून निघायचं

सगळ्यात आधी ठिकाणांची यादी काढा आणि तिच्यातली निम्मी ठिकाणं खोडून टाका, हे मी अगदी मनापासून सांगतेय. ७९४ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे हजारेक वर्षं हे शहर जपानची राजधानी होतं, युनेस्कोच्या एकाच नोंदीत क्योटो आणि आजूबाजूची मिळून १७ ठिकाणं आहेत, बाकी देवळं तर गल्लोगल्ली, तीन दिवसात ते सगळं होणारच नाही. आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या प्लॅनमध्ये सकाळी किंकाकुजी देऊळ, दुपारी किओमिझू देऊळ, संध्याकाळी आराशियामाचं बांबूचं बन असं असतं, आता नकाशा बघा, हे शहराच्या तीन वेगळ्या टोकांना आहे, अर्धा दिवस बसमध्ये उभं राहण्यात जातो. एक दिवस, एक दिशा, एवढं पाळलं तरी ट्रिप सुखाची होते.

तारखा ठरवताना आपल्या सुट्ट्या आणि त्यांच्या सुट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एप्रिलचा शेवट ते मे ची ५ तारीख त्यांचा गोल्डन वीक असतो, सगळा जपान फिरायला निघतो आणि हॉटेलचे रेट चढतात, त्यामुळे मे च्या सुट्टीत जायचंच असेल तर तो आठवडा जाऊ द्या. साकुरा म्हणजे चेरीचा बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, लाल मेपल नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि या दोन्ही वेळी गर्दी जबरदस्त. जून ते जुलैचा मध्य पाऊस, नंतर ऑगस्टभर उकाडा, चारी बाजूंनी नाही पण तीन बाजूंनी डोंगर असल्यामुळे हवा कोंडते, मुंबईकरांनाही घाम फुटेल असा दमटपणा. मला विचाराल तर दिवाळीची सुट्टी मस्त, हवा छान गार असते आणि मेपलची खरी झुंबड अजून सुरू व्हायची असते. जुलैत जाणार असाल तर १७ आणि २४ तारखेला गिओन मात्सुरी या उत्सवाच्या मिरवणुका असतात, तेवढ्यासाठी उकाडा सोसायला हरकत नाही.

व्हिसा. भारतीयांना लागतो, आणि हल्ली टुरिस्ट लोकांना ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज केंद्रातून. यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पासपोर्टवर स्टिकर नसतो, व्हिसाची नोटीस मोबाईलवर ऑनलाइन उघडून दाखवायची असते, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. म्हणजे एअरपोर्टवर नेट चालू पाहिजे, म्हणून ई-सिम इथूनच घेऊन टाकून ठेवा. व्हिजिट जपान वेब या सरकारी साइटवर माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवला की इमिग्रेशन आणि कस्टमचं काम पटकन होतं, घरातल्या सगळ्यांचं आदल्या रविवारी बसून भरून टाका.

क्योटोला स्वतःचं एअरपोर्ट नाही. ओसाकाजवळच्या कान्साई एअरपोर्टला उतरायचं, मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जाता येतं, आणि तिथून हारुका एक्स्प्रेस सव्वा तासाच्या आसपास थेट क्योटो स्टेशनात आणून सोडते. तोक्योला उतरणार असाल तर नोझोमी शिनकानसेनने म्हणजे बुलेट ट्रेनने सव्वादोन तास. जेआर म्हणजे जपान रेल्वेचा पास घ्यावा का असं सगळे विचारतात, फक्त क्योटो आणि शेजारच्या नारा शहरासाठी अजिबात नको, ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा पास ५०,००० येन झालाय, त्यात तुमचे पैसे वसूल होणार नाहीत. शिनकानसेनने येताना बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर सामानाच्या जागेसकट सीट आधी रिझर्व्ह करावी लागते, त्यामुळे घरीच टेप लावून मोजा.

हॉटेल क्योटो स्टेशनच्या जवळ किंवा कारासुमा सबवे लाइनवर घ्या. गिओन भागातलं जुनं लाकडी घर फोटोत सुंदर दिसतं आणि आहेच सुंदर, पण मोठ्या बॅगा आणि आई-बाबा बरोबर असतील तर ते जिने अवघड जातात. हॉटेलच्या बिलावर शहराचा मुक्काम-कर वेगळा लागतो, मार्च २०२६ पासून तो वाढलाय, माणशी एका रात्रीचं भाडं ६,००० ते २०,००० येनच्या दरम्यान असेल तर माणशी रोज ४०० येन, आणि महागड्या हॉटेलात बराच जास्त, बजेटमध्ये धरून ठेवा.

आता पैसे. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं पण देवळांची तिकिटं, छोटी खाणावळ, गोशुइन, इथे रोख लागते. गोशुइन म्हणजे देवळातला शिक्का आणि ब्रशने लिहिलेली सुंदर अक्षरं, ३०० ते ५०० येन घेतात, त्याची वही पहिल्याच देवळात विकत घ्या, फ्रिज मॅग्नेटपेक्षा ही आठवण कितीतरी चांगली. येन काढायला सेव्हन इलेव्हनचं एटीएम सोयीचं. नाण्यांसाठी छोटा बटवा वेगळा ठेवा, ५०० येनचं सुद्धा नाणंच असतं, बघता बघता खिसा जड होतो.

बसचं आधी समजून घ्या म्हणजे तिथे गोंधळ होत नाही. सिटी बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि पैसे उतरताना ड्रायव्हरजवळ द्यायचे, मोठ्यांना २३० येन, शहराच्या मुख्य भागात कुठूनही कुठेही. सुटे नसतील तर तिथेच मशीन असतं, हजाराची नोट टाकली की सुटे मिळतात, मग त्यातले मोजून डब्यात टाकायचे, मशीन भाडं आपोआप कापून घेत नाही. मागे रांग लागलेली असते तेव्हा हे जड जातं, म्हणून इकोका हे पैसे भरून ठेवायचं कार्ड घ्याच, ५०० येन डिपॉझिट, नुसतं टेकवायचं आणि उतरायचं. बसचा वेगळा एकदिवसीय पास बंद झालाय, जुनी माहिती वाचून तो शोधत बसू नका, सबवे-बस मिळून १,१०० येनचा पास आहे, दिवसात चार-पाच वेळा चढउतार असेल तरच घ्या. आणि ट्रेनने जाता येत असेल तिथे बस टाळा.

ट्रेनवरूनच दिवस कसे पडतात ते सांगते. एक दिवस पूर्वेचा. किओमिझू-देरा सकाळी ६ ला उघडतं, सहा म्हणजे सहाच, बाकी देवळं साडेआठ-नऊला उघडतात, तर ही मिळालेली वेळ वाया घालवू नका. १६३३ मध्ये बांधलेला तो १३ मीटर उंच लाकडी सज्जा, खाली सगळी झाडं, आणि दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. खाली उतरताना सान्नेनझाका, निनेनझाका या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या, दुकानं तेव्हा बंद असतात पण गल्ल्या बघायच्या तर तेव्हाच. पुढे गिओनमध्ये खाजगी गल्ल्यांत शिरायला बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्यात, मैको म्हणजे शिकाऊ गेइशा दिसली की मोबाईल घेऊन मागे पळू नका, ती कामाला निघालेली असते.

दुसरा दिवस जेआर नारा लाइनचा. क्योटो स्टेशनपासून दुसरं स्टेशन इनारी, फुशिमी इनारी देऊळ अगदी समोर, २४ तास उघडं आणि फुकट. इथे फक्त लोकल थांबते, रॅपिडमध्ये बसलात तर पुढे निघून जाल. वरपर्यंत जाऊन यायला दोन-तीन तास लागतात, डोंगर २३३ मीटरचा आहे पण पायऱ्या भरपूर, गुडघे दुखणाऱ्यांनी योत्सुत्सुजी चौकापर्यंत जाऊन परत यावं, शहर तिथूनही छान दिसतं. मग परत न येता त्याच लाइनने नाराला. तिथल्या तोदाइजी देवळातला बुद्ध १५ मीटर उंच आहे, आणि ७५२ मध्ये त्याचे डोळे रंगवण्याचा विधी भारतातून गेलेले भिक्खू बोधिसेन यांनी केला होता, हे मुलांना ट्रेनमध्येच सांगून ठेवा, मग बघण्यात वेगळी मजा येते. हरणांना तिथेच मिळणारी बिस्किटंच द्यायची, पिशवीतली चकली नाही.

तिसरा पश्चिमेचा. सागा-आराशियामा स्टेशनला आठच्या आत पोचा, बांबूचं बन, नदी, तेनर्यूजी देऊळ, मग रांदेन ट्रामने र्‍योआनजी देऊळ, तिथे पांढऱ्या खड्यांमध्ये १५ दगड आहेत आणि ओट्यावर कुठेही बसलात तरी सगळे एकदम दिसत नाहीत, मुलं मोजत बसतात. तिथून किंकाकुजी चालत वीस मिनिटं. बहुतेक देवळं पाचला बंद होतात आणि आत सोडणं अर्धा तास आधी थांबतं, हे प्लॅनमध्ये लाल पेनने लिहा.

आणि माझा सगळ्यात मोठा आग्रह, आपल्या लोकांच्या यादीत जे कधीच नसतं ते. पोचायच्या किंवा निघायच्या दिवशी तोजी देऊळ बघा, क्योटो स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. पाच मजली पॅगोडा ५५ मीटरचा, त्याचे फोटो सगळे काढतात, पण व्याख्यान-मंडपात जा. अंधुक उजेडात २१ मूर्ती मांडलेल्या, नवव्या शतकातल्या मंडलाच्या, त्यात एका बाजूला चार हंसांवर बसलेला ब्रह्मदेव आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवर बसलेला इंद्र. हंसांच्या माना जवळून बघा. तसंच सांजूसानगेंदो देऊळ, पूर्वेच्या दिवशी दुपारी, कान्नोन या करुणेच्या देवतेच्या १००१ मूर्ती रांगेत आणि पुढे २८ रक्षक देव, त्यात आपला गरुड चक्क बासरी वाजवतोय. आत फोटो काढू देत नाहीत. ओळखीचे देव इतक्या लांब, इतक्या जिवापाड जपलेले बघून मला भरून येतं, तुम्हालाही येईल.

बॅगेत काय. सहज निघणारे बूट, कारण दिवसात दहा वेळा काढावे लागतात, आणि धड मोजे, फाटके नकोत, थंडीत लाकडी जमीन बर्फासारखी असते म्हणून जाडसर. दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर, तिथे १०० व्होल्ट असतं, मोबाईलचा चार्जर चालतो पण आपली इलेक्ट्रिक किटली किंवा इस्त्री नाही, चार्जरवर १००-२४० लिहिलंय का बघून घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. रुमाल किंवा छोटा नॅपकिन, कचऱ्यासाठी पिशवी, कारण रस्त्यावर कचऱ्याचा डबा सहसा दिसत नाही आणि कचरा हॉटेलपर्यंत आणायचा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, महिनाभराच्या आतली, आणि सर्दीच्या गोळीवर स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का बघा, तिथे ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलं तर बंदी आहे.

शाकाहारी मंडळींनो, नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, सूप, सॉस, भाजी सगळ्यात दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो. जपानीत एक चिठ्ठी लिहून मोबाईलमध्ये ठेवा, मांस, मासे, माशाचा दाशी चालत नाही, असं स्पष्ट. देवळातलं शाकाहारी जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी आणि नानझेनजीच्या बाजूचं युदोफू म्हणजे गरम टोफू क्योटोची खासियत आहे, पण युदोफूलाही दाशीचं विचारा. दशम्या, भाकरवडी, मेतकूट, दाण्याची चटणी बिनधास्त न्या. आंबे, लिंबं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता नेऊ नका, ताजी फळं-भाज्या आणि कुठलाही मांसाचा पदार्थ विमानतळावर अडतो.

परत निघताना इकोकातले पैसे दुकानात संपवत आणा, शिल्लक शून्य करून कान्साई एअरपोर्टच्या जेआर खिडकीवर दिलं की ५०० चं डिपॉझिट पूर्ण मिळतं, शिल्लक ठेवलीत तर त्यातून २२० येनपर्यंत कापतात. पुन्हा जायचं मनात असेल तर परत करू नका, कार्ड दहा वर्षं चालतं.