क्रीटच्या डोंगरावरचा सिस्टस कसा ओळखाल?

एप्रिल-मेमध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर डोंगर चढताना खडकांच्या आडोशाने गुडघ्याएवढी, गुलाबी फुलांची झुडपं दिसतात. बघणारा पटकन म्हणतो, रानगुलाब! मीही तेच म्हणालो होतो. तो असतो सिस्टस क्रेटिकस. इंग्रजीत याला रॉकरोज म्हणत असले, तरी गुलाबाच्या कुळाशी याचं काही नातं नाही.

बघायला सकाळीच जा. फूल जेमतेम एक दिवस टिकतं. दुपार कलली की पाकळ्यांचा झाडाखाली सडा पडतो.

आधी पाकळ्या बघा. पाच असतात, आणि पिळून तशीच वाळू दिलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या. कळीत कोंबलेल्या असताना पडलेल्या सुरकुत्या उमलल्यावरही जात नाहीत. मधोमध पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुपका.

मग पानं. साधी, खरखरीत, कडेला लाटा असलेली आणि फांदीवर समोरासमोर जोडीने. रानगुलाबाचं पान छोट्या पर्णिकांचं असतं, एकाआड एक येतं. शिवाय काटा टोचला, तर तो सिस्टस नव्हेच.

आता पान चोळून हुंगा. बोटं चिकट होतात, वास उदा-धुपाच्या अंगाने जाणारा. हा डिंक म्हणजे लाबडेनम, अत्तरवाल्यांच्या कामाचा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इ. स. पू. 5व्या शतकात लिहून ठेवलंय की अरबस्तानात तो बोकडांच्या दाढीला चिकटलेला मिळतो! क्रीटमधल्या सिसेस गावात भर उन्हाळ्यात, ऊन चढल्यावर, लांब पट्ट्या लावलेलं दाताळं झुडपांवरून फिरवून तो आजही काढतात.

फूल पांढरं असेल तर भावंडांपैकी कोणीतरी: पान सेज या सुगंधी वनस्पतीच्या पानासारखं सुरकुतलेलं असेल तर साल्व्हिफोलियस, अरुंद आणि चिकट असेल तर मॉन्स्पेलिएन्सिस.

घोळ होतो तो हेलिअँथेममशी. तेही याच कुळातलं, पण ठेंगणं. फूल उलटं करा: हेलिअँथेममच्या पाच निदलांपैकी (पाकळ्यांखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी) बाहेरची दोन अगदी चिमुकली असतात. बोंडं वाळली असतील तर आणखी सोपं. हेलिअँथेममचं बोंड 3 शकलांत फुटतं, क्रेटिकसचं 5.

जाता जाता बुंध्याशी वाका. मातीतून लालभडक, हस्तिदंती फुलांचा, एकही हिरवं पान नसलेला गुच्छ डोकावतोय? तो सायटिनस, गुलाबी फुलांच्या सिस्टसच्या मुळांवर जगणारा बांडगुळी पाहुणा. तो दिसला, की वर एकही फूल उरलेलं नसलं तरी चालतं.