मॉडेलिंग सुरू करताय? आधी टेप विकत घ्या

मी मॉडेल नाही. मुंबईतल्या फॅशन शोंमध्ये पडद्यामागे मॉडेलना कपडे चढवून द्यायचं काम मी केलंय. पहिलं बोलावणं चेहरा आणि उंची बघून येतं. पुढच्या शोसाठी नावं ठरताना मात्र कोऑर्डिनेटर, म्हणजे मॉडेल निवडणारी माणसं, आम्हालाच विचारतात, "ती मुलगी कामाला कशी आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाजूने यावं, म्हणून हे लिहिते आहे.

मापं खरी लिहा

शिंप्याकडे असतो तसा साधा टेप घ्या. दर पंधरा दिवसांनी सकाळी छाती, कंबर, हिप्स मोजा. उंची अनवाणी, भिंतीला टेकून. बुटाचा नंबरही नोंदवा. आलेला आकडा जसाच्या तसा कार्डावर, म्हणजे काम देणाऱ्यांना द्यायच्या फोटो आणि मापांच्या कार्डावर, टाका.

कार्डावर कंबर २६ आणि प्रत्यक्षात २८, हे मी फार वेळा पाहिलंय. डिझायनरचे नमुने ठरावीक मापाला शिवलेले असतात. फिटिंगला चेन बसली नाही की मास्टरजी शिवण उसवून बघतात. शिवणीत कापड सोडलेलं नसेल तर इलाजच नाही, तो पोशाख दुसरीला जातो. ऑनलाइन दुकानांच्या शूटला सैल कपडा मागून क्लिपा लावून बसवता येतो, समोरून फोटो काढताना पाठ दिसत नाही. रॅम्पवर चारही बाजू दिसतात. आणि आकड्यासाठी उपाशी राहू नका. कॅटलॉग, साड्या, जाहिराती यांत वेगवेगळ्या मापांना काम असतं, पण ते तुमच्यापर्यंत पोचायला खरा आकडाच लागतो.

साधे फोटो तयार ठेवा

यांना डिजिटल्स म्हणतात. खिडकीचा उजेड, कोरी भिंत, अंगासरशी बनियन आणि जीन्स, मेकअप नाही, फिल्टर नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरे, चेहरा जवळून. केस मोकळे आणि बांधलेले. फोन पुरतो. केस कापले की फोटो नवे काढा.

आधी नोंदणी फी भरा, आमच्याच फोटोग्राफरकडून महागडा पोर्टफोलिओ करून घ्या, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. चांगली एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेते. पहिली भेट दिवसा, ऑफिसात. पत्ता घरी कळवून जा. कामाच्या ठिकाणी बाईला लैंगिक त्रास झाला तर २०१३ चा कायदा तिच्या बाजूने आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी अंतर्गत समिती नसते, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुदत साधारण तीन महिन्यांची असते, म्हणून तारखा आणि मेसेज जपून ठेवा.

आदल्या रात्री

कॉल टाइम, म्हणजे हजर राहायची वेळ, सहाचा असेल तर सहाला मेकअपच्या खुर्चीत. डोंबिवली किंवा विरारहून येणार असाल तर एक गाडी आधीची धरा, आणि रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून ठेवा.

बॅगेत कातडीच्या रंगाचे, शिवण न दिसणारे आतले कपडे, मुलींसाठी पट्ट्या नसलेली ब्रा, सवयीच्या काळ्या हील्स, ओले वाइप्स, सेफ्टी पिना, पाणी आणि घरचा डबा. येताना सैल कपडे घाला. घट्ट इलॅस्टिकचे वळ अंगावर बराच वेळ राहतात आणि पाठ उघडी असलेल्या गाऊनमध्ये लगेच दिसतात. डिओडरंटचे पांढरे डाग काळ्या कापडावरून निघता निघत नाहीत. चुलतबहिणीच्या लग्नात मेंदीला हात पुढे करण्याआधीही पुढच्या दोन आठवड्यांची कामं आठवा.

पडद्यामागे

तुमच्या नावाच्या रॅकवर कपडे क्रमाने टांगलेले असतात, बरोबर फोटो, दागिने, चपला. आल्या आल्या ते स्वतः एकदा बघून घ्या. दोन पोशाखांमध्ये कधी कधी एखादं मिनिटच मिळतं. तेव्हा हात सैल सोडून उभ्या राहा, चेन आम्हाला लावू द्या. कपडा डोक्यावरून घालायचा असेल तर चेहऱ्यावर पातळ स्कार्फ घेऊन डोळे मिटा, म्हणजे लिपस्टिक रेशमाला लागत नाही. पोशाख चढवल्यावर बसू नका, खाऊ नका. हूक तुटला, काठ उसवला तर लगेच सांगा. वेळेत कळलं तर सुईदोऱ्याने निभतं. लपवलेला हूक रॅम्पवर सुटलेला मी पाहिलाय, आणि त्या मुलीचा रडवेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

पोशाखाचा फोटो ब्रँडने दाखवायच्या आधी इन्स्टाग्रामवर टाकू नका.

पैशाचं बोलणं आधी, लेखी

तारीख, तास, मानधन, जादा वेळेचे पैसे, पैसे किती दिवसांत मिळणार, हे सगळं निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, हे तर नक्कीच. वेबसाइटसाठी ठरलेला फोटो होर्डिंगवर चढला तर त्याचे वेगळे पैसे मागता येतात, पण फक्त लिहिलेलं असेल तरच. "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत" असे शब्द दिसले की सही करण्याआधी रक्कम पुन्हा बोला.

बिल त्याच आठवड्यात पाठवा. पॅन आणि बँकेचे तपशील त्यावर हवेत. पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तारीख वहीत लिहा आणि त्या दिवशी आठवण करा. मानधनातून बहुधा दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापला जातो. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पहिल्या वर्षी बहुतेक जण ते भरतच नाहीत आणि स्वतःचे पैसे सोडून देतात.