‘नाडी लागतेय’ एवढ्यावर थांबू नका

उसळतं रक्त, वाढत जाणारा हिमॅटोमा (साकळलेल्या रक्ताची गाठ), हाताला जाणवणारी थ्रिल (थरथर), खालची नाडी गायब: धमनी फाटल्याची ही लक्षणं तुम्हाला पाठ असतील. ती दिसली की पेशंट थेट थिएटरमध्ये जातो, तिथे सहसा कुणी चुकत नाही. मी चुकलो ते यातलं काहीच नव्हतं तेव्हा.

रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, रात्रीची ड्यूटी. गुडघा सुजलेला, एक्स-रे चांगला. तो निखळून आपसूक जागेवर बसला असेल, हे डोक्यातच आलं नाही. पावलावर नाडी लागली, तशी नोंद करून मी पुढे गेलो. पहाटे पाऊल गार पडलं होतं.

गुडघ्यामागची पॉप्लिटिअल धमनी वर अ‍ॅडक्टर हायेटसपाशी (मांडीच्या स्नायूतली फट) आणि खाली पोटरीच्या सोलिअस स्नायूच्या कमानीपाशी जखडलेली असते. हाड सरकलं की ती मधल्या मध्ये ताणली जाते. बाहेरचा थर टिकतो, आतलं अस्तर, इंटिमा, फाटतं. रक्त वाहत राहतं, म्हणून नाडी लागते. मग त्या फाटक्या कडेवर गुठळी धरते आणि काही तासांनी वाट बंद होते. म्हणून एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, मोजाच. ०.९ च्या खाली आला तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन). वर आला तरी रात्रभर पुन्हा पुन्हा तपासा. फोनवर ‘नाडी आहे ना?’ विचारून झोपणाऱ्या सिनियरपेक्षा उठून येऊन पावलाला हात लावणारा सिनियर मला मोठा वाटतो.

रक्ताविना पाय तग धरतो तो साधारण सहा तास; हे घड्याळ दुखापतीपासून चालू होतं, पेशंट तुमच्यापर्यंत पोचल्यापासून नव्हे. डेबेकी आणि सिमोन या सर्जनांनी १९४६ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या २,४७१ धमनी-दुखापतींचा आढावा छापला. तेव्हा धमनी बहुधा बांधूनच टाकत. पॉप्लिटिअलच्या दुखापतीत चारांतले जवळपास तीन पाय कापावे लागले. आज आपण दुरुस्ती करतो, आणि ती शिकता येते, धीर सोडू नका. आधी जखमेच्या वरखाली धमनीवर ताबा, मग फोगार्टीने (टोकाला फुगा असलेली नळी) गुठळी काढणं. हाड बसवायला वेळ लागणार असेल तर शंट (रक्त वाहतं ठेवणारी तात्पुरती नळी) टाका. टोकं ओढूनताणून जोडायचा आळस मात्र मला सहन होत नाही. दुसऱ्या पायाची सॅफिनस शीर काढा, उलटी करून लावा.

आणि उशीर झाला असेल तर फॅसिओटॉमी (सुजणाऱ्या स्नायूंवरचं आवरण चिरून मोकळं करणं) त्याच वेळी, गुडघ्याखालच्या चारही कप्प्यांची. आम्ही ‘सकाळी बघू’ म्हणालो. त्या पेशंटचा पाय वाचला, पण पाऊल वर उचलता येत नाही.